फळांसोबतचा गोड डिप कार्यक्रम संपेपर्यंत घट्ट कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फेब्रुवारीच्या अखेरीस तुमच्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर महिला मंडळाचे स्नेहसंमेलन आहे, साधारण ४० जणी येणार आहेत, तिखटामिठाचे पदार्थ बाकीच्या करून आणणार आहेत आणि गोडाचे काम तुमच्याकडे आले आहे. घरी ओव्हन नाही, म्हणून तुम्ही चिरलेली फळे आणि ती बुडवून खाण्यासाठी एक गोड डिप असा बेत केला आहे. मागच्या वेळी केलेला डिप टेबलावर मांडल्यावर थोड्याच वेळात पातळ झाला, सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या आणि मंडळातल्या दोन ज्येष्ठ महिलांनी अंडे किंवा जिलेटिन असेल या शंकेने हातच लावला नाही. आता क्रीम चीज घ्यावे की व्हिपिंग क्रीम, आणि आदल्या दिवशी करून ठेवले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

नागपुरात घरगुती गोड पदार्थांच्या ऑर्डरी घेताना हा प्रकार मी बऱ्याच काळापासून करते आहे, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते. क्रीम चीज की व्हिपिंग क्रीम हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. तुमची खरी अडचण पाण्याची आहे. डिप घट्ट राहतो तो त्यातले पाणी कमी असते म्हणून, आणि आपण त्यात जे काही घालतो किंवा बुडवतो, म्हणजे साखर, रस, धुतलेली ओली फळे, ते सगळे त्यात पाणी परत आणते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर कोणत्याही कृतीत कुठे हात आखडता घ्यायचा ते आपोआप समजू लागते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपारी चांगलेच तापायला लागलेले असते, पण सूर्य मावळल्यावर गच्चीवर बसता येते. हाच कार्यक्रम मे महिन्यात असता, तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता. दुसरे म्हणजे तुमच्या घरच्या दह्याचा आंबटपणा, फ्रिजमधली जागा आणि कार्यक्रमाच्या दिवशी हाताशी असलेली माणसे हे मला इथून दिसत नाही. म्हणून खाली दिलेली प्रमाणे पाया म्हणून धरा आणि चव घेत पुढे जा.

परदेशी कृतींमध्ये या डिपचा पाया बहुधा क्रीम चीजचा असतो आणि अमेरिकेत त्यात मार्शमेलो क्रीम मिसळण्याची पद्धत आहे. त्या मार्शमेलो क्रीममध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो आणि गोळ्यांसारख्या मिळणाऱ्या मार्शमेलोमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असते. त्यामुळे तुमच्याकडच्या ज्येष्ठ महिलांची शंका अजिबात वावगी नव्हती. आपल्याला या दोन्हींची गरज नाही, कारण घट्ट, आंबटगोड आणि फळांशी जमणारी वस्तू आपल्या घरात पूर्वीपासून आहे, ती म्हणजे चक्का. मी निम्म्याहून अधिक भाग चक्क्याचा ठेवते आणि उरलेला भाग क्रीम चीजचा. नुसता चक्का थोडा रवाळ लागतो आणि तासाभरात कडेने पाणी सोडू लागतो. नुसते क्रीम चीज जिभेवर जड होते आणि ४० जणींसाठी खिशालाही जड होते. दोन्ही एकत्र आले की चव हलकी राहते आणि डिप फळाला चिकटून बसतो.

तुमच्या संख्येसाठी हिशेब असा करा. इतर खाणे असताना एकीला साधारण ४५ ग्रॅम डिप पुरतो, म्हणजे एकूण १८०० ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी १२०० ग्रॅम चक्का, ४०० ग्रॅम साधे क्रीम चीज, २०० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घ्या. एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्यातून रात्रभर टांगल्यावर मला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळतो, तेव्हा साडेतीन लिटर दूध विरजले तर अडचण पडू नये. टोन्ड दुधाचा चक्का कमी निघतो आणि तो कोरडा, भुसभुशीत लागतो, म्हणून इथे दुधात काटकसर करू नका. चक्का डेअरीतून विकत आणणार असाल तर आदल्या दिवशीच आणा आणि घरी आल्यावर तोही एकदा फडक्यात बांधून दोन तास टांगा. विकतच्या चक्क्यात किती पाणी शिल्लक आहे हे खालच्या भांड्यात जमलेले पाणी पाहून कळते आणि पुष्कळदा ते पाहून आश्चर्य वाटते.

चक्क्याबद्दल आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळा डिप याच टप्प्यावर ठरतो. दही गोडसर असताना, म्हणजे लागल्याबरोबर, फ्रिजमध्ये ठेवून थंड करा आणि मग टांगा. पूर्वी पुरचुंडी नळाला किंवा खुंटीला टांगत असत आणि थंडीत ते चालतेही. पण आता ऊन वाढू लागले आहे, त्यामुळे रात्रभर बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबट होण्याची शक्यता असते, आणि मग तो आंबटपणा मारण्यासाठी साखर वाढवावी लागते, साखर वाढली की डिप पुन्हा सैल होतो. म्हणून मी पुरचुंडी मोठ्या चाळणीत ठेवते, चाळणी एका खोल गंजावर बसवते, वर एक ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या असे वजन ठेवून सगळे फ्रिजमध्ये सरकवते. साडेतीन लिटरचे दही एकाच पुरचुंडीत बांधू नका. दोन किंवा तीन केल्या तर मधला भाग ओला राहत नाही. चक्का झाला की नाही हे ओळखण्यासाठी पुरचुंडी मुठीत घेऊन दाबावी: फडके नुसते ओलसर लागले आणि थेंब गळला नाही, तर तो तयार आहे. फडके उलगडल्यावर तो कडेने सोलल्यासारखा अखंड सुटून येतो आणि त्याच्यावर कापडाची वीण उमटलेली दिसते.

हा चक्का मिक्सरमध्ये फिरवू नका. मिक्सरच्या पात्याने दह्याची बांधणी मोडते आणि मघाशी घट्ट असलेला चक्का दोन मिनिटांत ओघळू लागतो. श्रीखंडासाठी करतो त्याप्रमाणे पुरणयंत्रातून किंवा पुरणाच्या चाळणीवरून तो हाताने घासून काढावा. वेळ लागतो हे खरे, पण गुठळ्या मोडतात आणि घट्टपणा शाबूत राहतो. क्रीम चीजचे काम याच्या अगदी उलट आहे: ते फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे आणि चक्का घालण्याआधी एकटेच चांगले फेटावे. थंड क्रीम चीज सरळ चक्क्यात घातले तर त्याचे बारीक पांढरे कण राहतात आणि ते नंतर कितीही घोटले तरी जात नाहीत. आणखी एक सूचना: दुकानात क्रीम चीज मागितल्यावर कधी कधी चीज स्प्रेडचा डबा हातात येतो. ते खारट प्रक्रिया केलेले चीज असते, ब्रेडला लावायला ठीक, इथे त्याचा उपयोग नाही. डब्यावरचे नाव वाचूनच घ्यावे, आणि वाचताच आहात तर हिरवे चिन्हही पाहून ठेवावे, म्हणजे विचारणाऱ्यांना निःशंकपणे सांगता येईल.

क्रीम चीज मिळाले नाही किंवा घ्यायचे नसेल, तर त्याच्या जागी ताजे, मऊ मलई पनीर वापरता येते. ४०० ग्रॅम पनीर हाताने कुस्करून, त्यात चार-पाच चमचे ताजी मलई घालून मिक्सरमध्ये अगदी लोण्यासारखे गुळगुळीत होईपर्यंत वाटावे आणि मग चक्क्यात हाताने मिसळावे. पनीर मिक्सरमध्ये बिघडत नाही, त्यामुळे इथे मिक्सरची भीती नाही. पाकिटातले घट्ट पनीर मात्र रवाळच राहते. चव क्रीम चीजइतकी भरीव येत नाही, पण ज्यांना परदेशी चीजचा वास आवडत नाही त्यांना हा डिप जास्त रुचतो असे मी अनेकदा पाहिले आहे.

व्हिपिंग क्रीमबद्दल तुम्ही विचारले आहे. दुकानात खोक्यात मिळणारे साधे ताजे क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे असते आणि ते कितीही फेटले तरी फुलून उभे राहत नाही. तुमच्या मागच्या डिपमध्ये हेच घातले गेले असेल, तर तो पातळ होण्याचे एक कारण तेही होते. बेकरीवाले केकवर वापरतात ते वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम छान फुलते आणि उष्णतेतही बराच वेळ टिकते, पण ते आधीच गोड असते आणि खाल्ल्यावर टाळूला तुपकट पापुद्रा चिकटल्यासारखे वाटते. संत्र्यासारख्या रसाळ फळासोबत तो तुपकटपणा फारच जाणवतो. मे महिन्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला, नाइलाज म्हणून, मी ते चक्क्यात थोडे मिसळते. फेब्रुवारीत त्याची गरज नाही.

आता साखर. श्रीखंड करताना चक्क्याला साखर लावून ठेवली की थोड्या वेळाने ते सैल होते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साखर चक्क्यातले उरलेले पाणी ओढून घेते, त्यात विरघळते आणि त्याचा पाक होतो. श्रीखंडात तो सैलपणा हवाच असतो, डिपमध्ये तो नको असतो. म्हणून १६०० ग्रॅम चक्का आणि चीजला मी २०० ग्रॅमपेक्षा जास्त साखर घालत नाही. सुरुवातीला हे अळणी वाटेल, पण थांबा आणि फळासोबत चव घेऊन पाहा. डिप फार गोड झाला तर त्याच्यानंतर चांगले गोड संत्रेही आंबट लागते आणि दोष बिचाऱ्या फळाला दिला जातो. साखर पिठीच असावी, चाळून घ्यावी आणि शेवटी, हलक्या हाताने, गोल फिरवण्याऐवजी खालून वर घेत मिसळावी. मध किंवा काकवी घालण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही पातळ असतात. हवेच असेल तर वाढताना वरून एक धार सोडावी.

घाई असेल आणि चक्क्याला साखर लावण्याचाही कंटाळा असेल, तर एक आडवाट आहे. ५०० ग्रॅम विकतचे साधे किंवा वेलचीचे श्रीखंड १२०० ग्रॅम चक्क्यात मिसळावे आणि वेगळी साखर घालू नये. श्रीखंडातली साखर सगळ्याला पुरते. नुसते विकतचे श्रीखंड डिप म्हणून ठेवले तर ते फळांसोबत असह्य गोड लागते.

स्वादासाठी नागपुरात राहून व्हॅनिलाच्या बाटलीकडे जाण्याचे मला कारण दिसत नाही. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात आलेली असतात आणि ती रंगाने व गोडीने भरलेली असतात. २०१४ मध्ये ज्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते आपल्या दारात डझनावर मिळत असताना त्याचा उपयोग करून घ्यावा. पण इथे एक धोका आहे, आणि तो पुन्हा पाण्याचाच आहे. डिपमध्ये संत्र्याचा रस घालू नका. रसाने डिप पातळ होतो ही एक गोष्ट. दुसरी अशी की नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा आटवला की त्यात हळूहळू कडवटपणा उतरतो. लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे हे घडते आणि ताज्या रसात ते जाणवत नसल्याने आपण फसतो. रस आटवून घट्ट करण्याची युक्ती म्हणूनच आपल्या संत्र्याला लागू पडत नाही.

संत्र्याचा वास डिपमध्ये आणण्याचे दोन मार्ग माझ्या नेहमीच्या वापरातले आहेत. पहिला सालीचा. चार-पाच घट्ट संत्री कोमट पाण्याने चोळून धुवावीत, पुसावीत, तासभर फ्रिजमध्ये ठेवावीत आणि मग बारीक किसणीवर वरची फक्त केशरी साल किसावी. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे ती किसताना सरकते. थंड केल्यावर ती थोडी ताठ होते आणि काम सोपे जाते. केशरी रंगाखालचा पांढरा भाग दिसू लागला की लगेच हात थांबवा आणि संत्रे फिरवा, कारण तो पांढरा भाग कडू असतो. इतक्या डिपला दोन ते तीन चहाचे चमचे कीस पुरतो.

दुसरा मार्ग संत्रा बर्फीचा, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यांना हाच जास्त आवडतो. २५० ग्रॅम मऊ संत्रा बर्फी हाताने कुस्करून, दोन चमचे कोमट मलई घालून मळावी आणि पुरणाच्या चाळणीवरून घासून चक्क्यात मिसळावी. बर्फीत खवा आणि साखर दोन्ही असल्यामुळे डिपची साखर २०० वरून १०० ग्रॅमवर आणावी. खव्याने घट्टपणा वाढतो, रंग फिकट केशरी येतो आणि संत्र्याचा वास शेवटपर्यंत टिकतो. बर्फी ताजी असावी. कडक झालेली बर्फी कितीही घासली तरी डिपमध्ये कणीदार लागते. वेलची, जायफळ, केशर यांपैकी काही घालायचे असेल तर एकच निवडा. केशर घालणार असाल तर ते चमचाभर कोमट दुधातच भिजवा, वाटीभर दुधात नव्हे.

डिप आदल्या रात्री करावा, हे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. रात्रभर फ्रिजमध्ये झाकून राहिल्यावर तो चांगला आळतो आणि स्वादही मुरतो. दोन दिवस आधी करण्याची गरज नाही, आणि फ्रीझरमध्ये तर तो ठेवूच नये, कारण गोठून परत सुटलेला चक्का आणि चीज दोन्ही फुटल्यासारखे दिसतात. सकाळी झाकण काढल्यावर वर थोडे पाणी दिसले तर ते ढवळून आत मिसळू नका. भांडे तिरपे करून ओतून टाका. घट्टपणा तपासण्यासाठी एक द्राक्ष टूथपिकला टोचून डिपमध्ये बुडवावे, बाहेर काढून उलटे धरावे आणि सावकाश दहापर्यंत मोजावे. थेंब खाली पडला नाही तर निश्चिंत असावे. पडला, तर सगळा डिप पुन्हा स्वच्छ फडक्यात बांधून तीन-चार तास टांगा. थोडी साखर पाण्यासोबत जाईल, ती नंतर चव पाहून भरून काढा. तेवढा वेळ नसेल तर तीन-चार मोठे चमचे दूध पावडर चाळून घालावी आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. पावडर पाणी शोषते. कच्चे कॉर्नफ्लोअर घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, त्याची पिठूळ चव जात नाही.

फळांची निवड हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. मी फेब्रुवारीअखेर संत्री, द्राक्षे, स्ट्रॉबेरी आणि सफरचंद एवढीच चार फळे घेतली असती. दोन डझन संत्री, दीड किलो बिनबियांची द्राक्षे, स्ट्रॉबेरीचे चार छोटे डबे आणि किलोभर सफरचंदे ४० जणींना पुरतात. संत्र्याच्याच फोडी एकीच्या वाट्याला सहाच्या आसपास येतात. कळमन्याचा ठोक बाजार एवढ्याशा खरेदीसाठी सोयीचा नाही, गोकुळपेठेच्या बाजारात किंवा तुमच्या भागातल्या नेहमीच्या फळवाल्याकडे एकेक फळ हातात घेऊन निवडता येते. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची असो वा आपल्या चिखलदऱ्याची, डब्याचा तळ उलटा करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वरची फळे लाल आणि खालची मऊ पडलेली, हा प्रकार नेहमीचा आहे.

संत्र्याच्या फोडी डिपसाठी तयार करणे हे थोडे निगुतीचे काम आहे. फोडी सुट्या करून त्यांच्यावरचे पांढरे धागे नखाने ओढून काढावेत, पण पातळ आवरण मात्र सोलू नये, कारण ते फाटले की रस डिपमध्ये उतरतो. मग सगळ्या फोडी ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून, झाकण न ठेवता, अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. फ्रिजमधल्या कोरड्या हवेने आवरण वरून सुकते, आणि सुकलेल्या आवरणाला डिप जसा धरतो तसा ओल्याला कधीही धरत नाही. बिया असलेली संत्री असतील तर फोडीच्या आतल्या कडेला कात्रीने छोटी चीर देऊन बी काढावी, आणि त्या फोडी वेगळ्या ठेवून आधी वाढून टाकाव्यात.

सफरचंद काळे पडते ते कापलेल्या भागाला हवा लागल्यामुळे. त्यावर लिंबाचा रस सगळे सुचवतात, पण त्याने फोड आंबट होते. मी मिठाचे पाणी वापरते: एका मोठ्या कपभर पाण्याला अर्धा चहाचा चमचा मीठ, त्यात फोडी दहा मिनिटे बुडवून ठेवायच्या, साध्या पाण्याने खळबळून काढायच्या आणि पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करायच्या. खारट चव राहत नाही आणि संध्याकाळ निभावते. केळे मात्र या ताटात नको. हवेच असेल तर ते वाढायच्या क्षणी कापावे लागेल आणि ४० जणींच्या कार्यक्रमात तेवढी फुरसत कोणाला असते? स्ट्रॉबेरी त्याच दिवशी धुवाव्यात, देठाची हिरवी टोपी तशीच ठेवावी, म्हणजे धरायला सोपे जाते. टरबूज आणि खरबूज यांना मी या बेतात घेत नाही, कारण ती फळे म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच.

किवी आणि ताजे अननस यांच्याविषयी मुद्दाम सावध करते. या दोन्ही फळांमध्ये दुधातली प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात, त्यामुळे त्यांचे तुकडे चक्क्यात किंवा चीजमध्ये मिसळून ठेवले तर काही वेळाने डिप पातळ आणि कडवट होतो. बुडवून लगेच खाल्ले तर काही बिघडत नाही, परंतु डिपमध्ये मिसळण्यासाठी ती वापरू नयेत. डब्यातले अननस आधी तापवलेले असल्यामुळे त्याला हा दोष नाही. याउलट संत्र्याने चक्का फाटेल ही भीती मनातून काढून टाका: दूध आंबटाने फाटते, चक्का मुळातच आंबटावर जमलेला असतो.

मांडणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. डिप एका मोठ्या भांड्यात भरून मध्ये ठेवू नका. तीन-चार स्टीलच्या वाट्या घ्या, दोन टेबलावर आणि बाकीच्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि टेबलावरच्या वाट्या बर्फ भरलेल्या परातीत बसवा. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे दिसायला सुंदर असते, पण बर्फाचा थंडावा स्टीलमधूनच लवकर आत पोहोचतो. वाटी रिकामी होत आली की ती उचलून दुसरी ठेवावी. जुन्या डिपवर नवा डिप ओतू नये. बर्फाशिवाय असा दुधाचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वमान्य नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ती मर्यादा एक तासावर येते. तुमचा कार्यक्रम उन्हे उतरण्याआधी सुरू होत असेल, तर गोडाचे टेबल शेवटी मांडा.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. एकाच वाटीत सगळ्यांनी अर्धवट खाल्लेली फोड पुन्हा बुडवायची, हे आपल्याकडे अनेकींना चालत नाही आणि चालूही नये. मी छोट्या द्रोणांत दोन-दोन मोठे चमचे डिप घालते आणि त्याच द्रोणात टूथपिकला टोचलेली दोन द्राक्षे, एक स्ट्रॉबेरी आणि संत्र्याच्या दोन फोडी उभ्या करून देते. पळसाच्या पानांचे द्रोण मिळाले तर ते धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून घ्यावेत; डिप घट्ट असेल तर पान ओले होऊन गळत नाही. ज्यांना आणखी हवे असेल त्यांच्यासाठी मधल्या वाटीत चमचा ठेवावा. लहान मुले येणार असतील तर ताटात थोडी नानकटाई आणि साधी मारी बिस्किटेही ठेवा, कारण मुलांचा मोर्चा आधी बिस्किटांकडे वळतो आणि फळे मोठ्यांना उरतात.

वेळापत्रक म्हणाल, तर शनिवारच्या संध्याकाळसाठी गुरुवारी रात्री दूध विरजावे, शुक्रवारी सकाळी दही थंड करून दिवसभर फ्रिजमध्ये टांगावे, शुक्रवारी रात्री डिप घोटून ठेवावा आणि त्याच वेळी द्राक्षाची परीक्षा करून घ्यावी, म्हणजे गरज पडल्यास रात्रभर पुन्हा टांगायला वेळ मिळतो. शनिवारी सकाळी बाकीची फळे आणावीत, दुपारी संत्री सोलून सुकायला ठेवावीत, आणि सफरचंद सगळ्यात शेवटी, पाहुणे येण्याच्या तासभर आधी चिरावे. द्रोण भरण्याचे काम मात्र पहिल्या बायका गच्चीवर येऊ लागल्यावरच सुरू करा आणि त्यासाठी दोघींना आधीच सांगून ठेवा.

उरलेल्या डिपचे काय करायचे हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न रात्री पडेलच. फ्रिजमधून बाहेरच न आलेली वाटी झाकून आणखी दोन दिवस ठेवता येते. त्यात संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि थोडे दूध घातले की दुसऱ्या दिवशी पोळीसोबत खायला चांगले फ्रूट क्रीम होते. टेबलावर राहिलेल्या वाटीतला डिप मात्र, कितीही जिवावर आले तरी, टाकून द्यावा.